पत्र्याआडचं पाणी

वायसरकाका कुठेही शिरले की आधी वर बघायचे. घर असो, दुकान असो, देऊळ असो की एसटी, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्यांची नजर छतावरून फिरून यायची. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. काकांनी तो घेतलाच नाही. मान वर करून कोपऱ्यातल्या एका जागेवर बोट रोखलं आणि म्हणाले, "इथून येईल."

"काय येईल?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"पाणी. दुसरं काय येणार?"

हे "दुसरं काय" ते अशा सुरात म्हणाले, की सासूबाई पुढे कितीतरी दिवस त्या कोपऱ्याखाली बसेनात.

तलासरीहून बोर्डीकडे जाताना, चढ संपून रस्ता उताराला लागतो तिथे, दोन ताडांच्या मधे त्यांची पत्र्याची शेड होती. जीप, व्हॅन, टेम्पो यांच्या टपावर सामानाचं कॅरिअर बसवायचं, त्याची भोकं पाण्यापासून बंद करायची, हा त्यांचा धंदा. मूळचे वरोरचे. वडील होड्यांची डागडुजी करायचे, पण काका कधी दर्यावर गेले नाहीत. दर्या आपल्याला नको म्हणाला, एवढंच सांगायचे. टायरच्या जुन्या ट्यूब कापून ते बोल्टखाली घालायच्या रबरी चकत्या, म्हणजे वायसर, बनवत आणि खिशात बाळगत. बसल्या जागी बोलता बोलता कात्रीने एखादा वायसर कापत राहायचे, म्हणून वायसरकाका. काम तेलाग्रिजाचं, पण अंगात शर्ट कायम पांढरा आणि इस्त्रीचा. केस काळेभोर रंगवलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी कल्पना जवळच्याच पाड्यावर दिलेली, आणि तिचा नवरा महेश जीपवर ड्रायव्हर.

मी बोर्डीला शाळेत शिकवते. नवरा तलासरीला कचेरीत आहे, म्हणून बिऱ्हाड तलासरीला. येणंजाणं रोज सहा आसनी, बारा माणशी जीपने. काकांशी ओळख मात्र झाली ती आमच्या स्वतःच्या व्हॅनमुळे.

व्हॅन आम्ही जुनीच घेतली होती. नणंदेच्या लग्नाचं सामान न्यायचं म्हणून ह्यांनी हायवेवरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून घाईघाईने कॅरिअर ठोकून घेतलं. टपाला भोकं पाडली, बोल्ट आवळले, बोल्टच्या डोक्यांवर सिलिकॉनचे गोळे थापले, झालं. लग्न पार पडलं. पाऊसही पडला, आत एक थेंब आला नाही. आम्ही निर्धास्त. मग एके दिवशी लख्ख ऊन पडलेलं, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि नाक्यावर ह्यांनी ब्रेक दाबला तर आतल्या दिव्याच्या कडेने भसकन पाणी ह्यांच्या मानेवर पडलं. थंडगार. ते दचकून ओरडलेच. कोरड्या दिवशी बंद गाडीत डोक्यावर पाणी पडणं किती भयंकर वाटतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

व्हॅन काकांच्या शेडला नेली आणि लग्नापासूनची हकिकत सांगितली. काकांनी गाडीचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि नाकाने जोरात श्वास घेतला. मग ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाई, हे आजचं नाय. हे लग्नापासूनचं आहे."

"पण पावसात तर गळलं नाही," हे म्हणाले.

"गळलं नाय म्हणजे आलं नाय असं कोणी सांगितलं? ते आलं. येऊन बसलं. तुम्ही ब्रेक मारला तेव्हा उठलं."

त्यांनी छताचं अस्तर हलकेच सोडवलं. आतला फोम भिजून काळा पडलेला. एक ओली रेघ वायरींच्या जुडग्याला धरून पुढच्या काचेच्या कडेने खाली फ्यूजच्या डबीपर्यंत पोचली होती. काकांनी ती रेघ बोटाने वरून खालपर्यंत दाखवली आणि डबीपाशी बोट थांबवलं. पुढे गाडी पेटली असती, हे न सांगताच आम्हाला कळलं.

मग कामाला लागले. अख्खं कॅरिअर उतरवलं. वेल्डिंगवाल्याचं सिलिकॉन नखाने सोलून काढलं. "डोक्याला टोपी घातली आणि पाय पाण्यात," असं स्वतःशी पुटपुटत होते. भोकांच्या कडा पॉलिशपेपरने घासून चकचकीत केल्या, गंजू नयेत म्हणून कापसाने रेडऑक्साइड लावून उन्हात वाळू दिलं. मग कॅरिअरच्या पायांच्या खाली, भोकाच्या भोवती, सीलंटची जाड वेटोळी, वर रबर, त्यावर पाय. आतून मोठाले वायसर. बोल्ट आवळताना पायाच्या चारी बाजूंनी सीलंट सारखं बाहेर आलं की हात थांबवायचा. "सगळं दाबून टाकलं तर मधे राहिलं काय? आज एवढंच. शेवटचा आटा उद्या." उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा. वेळ पाळणं हा गुण काकांच्या अंगी नव्हता, आणि तसं बोलून दाखवलं तर ते तोंडावर अपमान करायचे.

शेवटी परीक्षा. मला त्यांनी व्हॅनमध्ये बसवलं, काचा वर, दारं बंद. "डोळे मिटा ने ऐका. आवाज वरचा असेल तर भ्यायचं नाय. आवाज बाजूने आला तर सांगायचं." टपावर बादलीने पाणी पडायला लागलं. मी डोळे मिटून बसले. वर पाण्याचा धबधब आवाज, खाली मी एकटी. तेवढ्यात सीटखाली काहीतरी गुरगुरलं आणि गाडी हलली. आमच्याकडे हे नवीन नाही. जमीन अधूनमधून अशी थरथरते, भांडी वाजतात, भिंतीला एखादी नवी चीर पडते, आणि लोक पुन्हा कामाला लागतात. पण मी दार उघडून बाहेर उडी मारली. काका बादली हातात धरून तसेच उभे. बादलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, आणि ते त्यांच्याकडे बघत होते.

"काका, भूकंप झाला."

"कळलं," ते म्हणाले. "बसा परत. अर्धं टप राहिलंय."

आमची गाडी पुन्हा कधी गळली नाही. पण काकांनी सांगितलेलं सगळंच खरं व्हायचं असं मात्र मुळीच नाही. आमच्या घराच्या त्या कोपऱ्यातून आजवर पाणी आलेलं नाही. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी शाळेचा स्लॅब पुढचा पावसाळा बघणार नाही असं सांगितलं होतं. तो स्लॅब अजून जागच्या जागी आहे, आणि मुख्याध्यापक निवृत्त झाले. एसटीच्या कंडक्टरला ते सांगायचे, नारळवाल्याला सांगायचे, लग्नाच्या मांडवात आचाऱ्याला सांगायचे. कोणी हसलं की म्हणायचे, "पाण्याला घाई नसते." सुरुवातीला लोकांना त्याची गंमत वाटायची. काका शेडच्या बाहेर दिसले की जीपमधली पोरं ओरडायची, "काका, आमचं टप कधी जाणार?" काका खरंच मान वर करून टप न्याहाळायचे आणि काहीतरी अभद्र उत्तर द्यायचे. सगळी जीप खिदळायची. मीही हसायची. इतक्या गोष्टींची भीती घालणारा माणूस नेमका कधी खरा मानायचा, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

महेश चालवायचा ती जीप घोलवडच्या एका शेठची होती. पांढरी, जुनी, पण रंग नवा मारून लखलखीत केलेली. सकाळी ती तलासरीकडच्या पाड्यांवरून चिकूच्या वाड्यांमध्ये कामाला जाणाऱ्या बाया भरून निघायची, संध्याकाळी त्याच बाया आणि टपावर चिकूचे क्रेट घेऊन परत यायची. क्रेट हायवेला ट्रकवर चढायचे. मी दोन्ही वेळेला त्याच जीपने जायची, कारण महेश वेळेवर यायचा आणि शाळेच्या दारात सोडायचा. हसरा, गाणी लावणारा पोरगा. माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा.

शेठला टपावर जास्त माल चढवायचा होता. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर महेश जीप सासऱ्यांच्या शेडला घेऊन आला, जुनं कॅरिअर काढून मोठं बसवायला. मी त्या वेळी जीपमध्येच होते, म्हणून जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं. काकांनी जुनं कॅरिअर सोडवलं. खालची भोकं गंजून वाकडीतिकडी झाली होती. काका तिथून उतरले आणि दारामागच्या खांबापाशी आले. टप ज्या खांबांवर उभं असतं, त्यांतला तो एक. पान्याच्या दांड्याने त्यावर टकटक केलं. दुसऱ्या खांबावर केलं. मग आतल्या बाजूचं रबर सोडवून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. भिजलेल्या पापडात शिरावा तसा तो आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर तांबडा चिखल आला.

"मामा, रंग बघा ने, आता मारलाय," महेश म्हणाला.

"रंगच उभा आहे," काका म्हणाले. "आत पत्रा नाय. वरच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी खांबात उतरलंय. ह्याच्यावर कॅरिअर बसणार नाय. आहे तेही चढवणार नाय मी. शेठला सांग, टप कापून नवीन खांब घाल, नायतर गाडी भंगारात दे."

महेश त्यावर नुसता हसला. शेठ ऐकणार नव्हता हे त्यालाही माहीत होतं. गाडीचे कागद चोख होते, इंजिन ठणठणीत होतं. दोन दिवसांत गुजरातच्या हद्दीतल्या कुठल्या तरी वर्कशॉपमधून जीप नवं कोरं कॅरिअर लावून आली. काळं, उंच, दोन्ही बाजूंना कठडा असलेलं. बोल्टच्या डोक्यांवर सिलिकॉनचे पांढरे गोळे.

त्या संध्याकाळी काकांनी जीप अडवली आणि भरल्या गाडीसमोर जावयाला म्हणाले, "ही चालवू नको. दुसरं काम बघ. कल्पनाला मी सांभाळीन तवर."

महेशचा चेहरा उतरला. बाया ऐकत होत्या. सासरा आपल्या बायकोला सांभाळायची भाषा करतो, तीही रस्त्यावर, हे त्याला झोंबलं. "मामा, तुमच्या तोंडातून आजवर कधी चांगलं निघालंय? सगळ्या गावाचं वाईट चिंतता. आता माझं मरण बघायचंय काय?"

काका वळून शेडमध्ये गेले. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. कल्पना दोघांमध्ये हेलपाटे घालायची. काकांना डबा द्यायला यायची तेव्हा ते नवऱ्याबद्दल विचारायचे नाहीत, आणि घरी महेश सासऱ्याचं नाव काढू द्यायचा नाही.

पण काका गप्प बसले नाहीत. रोज सकाळी जीप उताराला लागायच्या आधी ते शेडच्या कडेला उभे असायचे आणि खिडकीतून बायांना सांगायचे, "ह्या गाडीत बसू नका." महेश गाणं मोठं करायचा. बाया खाली बघायच्या. त्यांच्यातली वयाने मोठी जानीबाई एकदा वैतागून म्हणाली, "काका, ही गाडी सोडली तर वाडीवर पोचायचं कसं, ते सांग. तू नेतोस काय पाठीवर?" काका बाजूला झाले. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच उभे होते.

हळूहळू हसणं बंद झालं. काका दिसले की बाया पदर तोंडावर घ्यायला लागल्या. एका पोरीला ताप आला तर लोक काकांची नजर लागली म्हणाले. कोणीतरी त्यांना काळजिभ्या म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. गाड्यावाले शेडला यायचे थांबले. गाडीचं टप त्या माणसाला दाखवायलाच नको, म्हणायचे; तो बोलला की होतं. मी एकदा शाळेतून परत येताना शेडपाशी उतरले आणि त्यांना म्हटलं, "काका, जरा दमानं घ्या. लोक घाबरतात तुम्हाला."

"मला घाबरतात," ते म्हणाले. "गाडीला घाबरत नाहीत."

"मी पण त्याच गाडीने येते की."

"माहीत आहे." त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुम्ही खिडकीपाशी बसता, तो खांब जास्त खराब आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी मधे बसायला लागले. गाडी सोडली नाही. वेळेवर येणारी दुसरी गाडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपलं काही होणार नाही असंच वाटत होतं.

पावसाचा जोर वाढला तशी जीपमध्ये ओल दिसायला लागली. खिडकीवरच्या पट्टीवर हात ठेवला की तळवा तांबडा व्हायचा. दारं लावताना अडायला लागली. महेश ती उचलून आपटायचा. खड्ड्यातून गाडी गेली की डोक्यावर काहीतरी कुरकुरायचं. बाया एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या. महेशही आता गाणी लावत नसे. एकदा उतरताना मी त्याला विचारलं, "महेश, शेठला एकदा दाखव तरी."

"दाखवलं बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "दिवाळीनंतर करू म्हणाला." मग घाईने पुढे म्हणाला, "मामांना सांगू नका मी विचारलं म्हणून."

ते मी काकांना सांगितलं नाही. त्याने सांगू नको म्हटलं होतं.

श्रावण होता. त्या दिवशी पावसाने सकाळपासून उसंत दिली नव्हती. वाड्यांमधलं काम दुपारीच थांबलं, शाळाही लवकर सुटली. जीप बाया घेऊन शाळेपाशी आली, मी चढले. टपावर क्रेटचे थर, त्यावर निळी ताडपत्री, दोरखंडाने आवळलेली. समोरची काच धुक्याने भरलेली. चढ चढून ताड दिसायला लागले आणि महेशने करकचून ब्रेक दाबला.

काका रस्त्याच्या मधोमध उभे होते. छत्री नाही. पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, केसांचा काळा रंग ओघळून मानेवर उतरलेला.

ब्रेक लागला त्याच क्षणी आमच्या डोक्यावरचं अस्तर एका बाजूने फाटलं आणि पाणी कोसळलं. थेंब नव्हे, धारच. तांबडं, गंजाचं, थंड. ते सरळ जानीबाईच्या मांडीवर पडलं. तिचं लुगडं तांबडं झालं आणि ती किंचाळली.

काका खिडकीपाशी आले. ड्रायव्हरच्या नाही, आमच्या. त्यांनी हात जोडले. मी त्यांना आजवर कोणापुढेही हात जोडताना पाहिलं नव्हतं. "बायांनो, उतरा. सकाळी गाडी गेली तेव्हा टप एका अंगाला कललेलं होतं. आज मी पाया पडतो. उतरा."

जानीबाई आधी उतरली. तिच्या मागे दुसरी, मग सगळ्याच. मीही उतरले. चिखलात आम्ही शेडकडे पळालो. महेशने मागे वळून बघितलं. रिकामी गाडी, उघडी दारं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाच्या खाली आणखीही काही होतं. तो सासऱ्याकडे बघत होता. आता वाटतं, तो वाट बघत होता. काका तिथेच, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि ताडपत्रीच्या गाठींकडे बघत होते.

"उतरा, उतरा सगळ्या," महेश ओरडला. "उद्यापासून चालत जा." त्याने हात लांबवून दार ओढलं. ते लागलं नाही. पुन्हा ओढलं. मग तसंच अर्धवट ठेवून गाडी पुढे काढली.

आम्ही शेडमध्ये दाटीवाटीने उभ्या राहिलो. पावसाच्या आवाजातून जीपचा आवाज लांब जाताना ऐकू येत होता. पुढे एक वळण आहे, वळणावर मोरी आहे, मोरीच्या अलीकडे खड्डे. काका शेडच्या तोंडाशी डोकं किंचित कलतं करून ऐकत होते. कोणीतरी काहीतरी बोलायला गेलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आवाज थांबला," ते म्हणाले.

मग त्यांनी जॅक उचलला आणि पळत सुटले. त्या वयाचा माणूस तसा पळू शकेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा जीप मोरीशेजारच्या भातखाचरात उलटी पडली होती. वेग फारसा नव्हताच. अशा गाड्या आमच्या रस्त्याला पावसाळ्यात पलटतात, माणसं खरचटून, शिव्या देत बाहेर येतात. ही गाडी मात्र वेगळी दिसत होती. खिडक्याच नव्हत्या. खांब मुडपून टप सीटांना जाऊन भिडलं होतं, आणि आम्ही जिथे बसलो होतो तिथे बोटभरही जागा उरली नव्हती. चिखलात चिकू सांडले होते. काका गुडघाभर चिखलात शिरून जॅक लावत होते, जॅक चिखलात रुतत होता. बायांनी कॅरिअरला हात घातले आणि सगळ्यांनी मिळून गाडी एका अंगावर उचलली. काका आत शिरले आणि महेशला ओढून बाहेर काढलं. तो जिवंत होता. डोळे उघडे होते. दवाखान्यात पोचेपर्यंत होता.

पंचनामा झाला. पाऊस, निसरडा रस्ता, वळण. खांबांबद्दल कोणी लिहिलं की नाही मला ठाऊक नाही. शेठ येऊन गेला, मोडकी जीप उचलून नेली. जानीबाई आणि बाकीच्या बाया शेडवर गेल्या, काकांच्या पायाशी काकड्या, शिराळी ठेवून आल्या. काकांनी त्यांना हात लावला नाही. दुसरीकडे नाक्यावर लोक बोलत होते, की त्याच्याच जिभेने जावई खाल्ला. दोन्ही बोलणी काकांच्या कानावर जात होती.

तेराव्यानंतर मी कल्पनाकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. काका अंगणात, तिच्याकडे पाठ करून. मी बसले. मग ती म्हणाली, आवाज चढवला नाही, रडलीही नाही:

"बाबा, तुम्ही बायांना उतरवलंत. त्याला का नाही उतरवलंत?"

काकांची पाठ हलली नाही.

"सगळ्यांना हात जोडलेत. बाईंना, जानीला. तो तिथंच बसला होता. त्याला एक शब्द बोलला नाहीत."

"तो बोलत नव्हता माझ्याशी," काका म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही पण नव्हता बोलत."

त्यानंतर काकांनी शेड बंद केली आणि वरोरला पुतण्याकडे निघून गेले. कल्पना घोलवडला एका रोपवाटिकेत कामाला लागली. बापाचं नाव तिने काढलं नाही. मी कधी डहाणूला गेले तरी वरोरकडे वळले नाही. काय बोलायचं ते कळत नव्हतं. ज्या माणसामुळे मी जिवंत आहे, त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे तो दिवस त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा.

थंडीच्या दिवसांत कल्पना माझ्या दाराशी आली. पुतण्याचा फोन आला होता. काकांच्या छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलंय. "बाई, येता का माझ्यासोबत? एकटीला जाववत नाही."

आम्ही एसटीने गेलो. वरोरला किनाऱ्याच्या बाजूला बोंबील वाळत घातलेले, वारा खारट. काका मागच्या पडवीत बाजेवर होते. केस पांढरेफटक. इतके पांढरे, की मी क्षणभर दुसऱ्याच कोणाच्या घरात आल्यासारखी थबकले. कल्पना बाजेच्या पायथ्याशी बसली. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"कशाने आलात?"

"एसटीने."

"बरं केलंत."

तिने त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि दाबायला लागली. श्वासाबरोबर त्यांच्या छातीतून घरघर येत होती. पुतण्याची बायको चहा ठेवून गेली, तो निवला.

"बाबा," कल्पना खाली बघत म्हणाली, "मी तेव्हा बोलले ते रागात बोलले. तुम्ही सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. मला माहीत आहे तो कसा होता."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"चिडला असता," ते म्हणाले. मधे श्वास घेतला. "भर रस्त्यात सासरा बोलतो म्हणून तापला असता. मला मारायला तरी खाली उतरला असता, पोरी."

कल्पनाचे हात थांबले. बाहेर कोणीतरी बोंबलांवरून कावळे हाकलत होतं. मग ती पुन्हा त्यांचे पाय दाबायला लागली, आणि तिन्हीसांजेपर्यंत दाबत राहिली.